भैरोबाकडची बाजू

"आता आयत्या वेळचा एक विषय," चेअरमन म्हणाले आणि मी त्यांच्या टोपीकडे पाहिलं.

आमच्या जलवाहतूक सोसायटीत विषयपत्रिकेवरचे विषय चहा येईपर्यंत संपायचे. खरं काय ते चहानंतर, आयत्या वेळी घडायचं. चेअरमन जयवंतराव उतेकरांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली की ठराव त्यांच्या डोक्यात तयार आहे आणि आपण फक्त हात वर करायचा आहे, एवढं मी पाच वर्षं सचिवकी करून शिकलो होतो. त्या सोमवारी दुपारी टोपी गुडघ्यावर होती.

धरण झालं तेव्हा आमची गावं पाण्याखाली गेली आणि माणसं डोंगराच्या उतारावर सरकली. दवाखाना, बाजार, सोयरीक, सगळं राहिलं पाण्याच्या पलीकडे. म्हणून सोसायटी, आणि सोसायटीची एकुलती एक लाँच, 'जानाई'. मंडळात आम्ही सात जण. मी गावचा पोस्टमास्तर, अक्षर बरं, म्हणून मला सचिव केलेलं. मला पोहता येतं का हे कोणी विचारलं नाही. मीही आपण होऊन सांगितलं नाही.

शनिवारी भैरोबाची जत्रा होती. नवं देऊळ पलीकडच्या काठावर. 'जानाई'च्या केबिनवर पांढऱ्या रंगात 'प्रवासी ४०' असं लिहिलेलं होतं. गेल्या साली चाळीस-चाळीसच्या खेपा करता करता पालखी निघून गेली, आमच्याकडची निम्मी माणसं हातात नारळ धरून काठावरच राहिली, आणि पलीकडच्या सरपंचाने चेअरमनना भर देवळात विचारलं की उतेकर, तुमच्या गावात माणसं राहतात का नुसती मतदारयादी. ते वाक्य चेअरमन वर्षभर चघळत होते. त्यात जूनमध्ये पंचायत समितीची निवडणूक. तेव्हा जत्रेपुरतं चाळीसचं सत्तर करावं, असा ठराव.

"सत्तर घालशीला," गजराक्का म्हणाली, "आन् भैरोबापाशी काय करशीला?"

गजराक्का शेलार मंडळातली एकटी बाई. तिचा नवरा 'जानाई'चा पहिला तांडेल, म्हणजे लाँच चालवणारा. तो दम्याने गेला, पण त्याच्या शेजारी बसून तिने निम्मं आयुष्य पाण्यावर काढलं होतं. तिच्या प्रश्नाचा अर्थ खोलीतल्या प्रत्येकाला कळला, म्हणूनच कोणी वर बघितलं नाही.

भैरोबा म्हणजे जुना भैरोबा. त्याचं देऊळ आमच्या धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर पाण्यात उभं आहे. पावसाळ्यात त्याचा मागमूस नसतो. चैत्रात पाणी उतरलं की कळस आणि हातभर शिखर वर येतं. त्या साली तर पाणी इतकं खाली गेलं होतं की शिखरातल्या देवळीतली मूर्तीही दिसू लागली होती, आणि ती पाहिलेली माणसं आता म्हातारी झाली होती. लाँच तिथून जाते तेव्हा आमचे लोक, रानात राबणारे असोत की पुण्याला कंपनीत असलेले, सगळे उठून डाव्या अंगाला जातात. हात जोडतात, गुलाल उधळतात, नारळ पाण्यात सोडतात, 'त्यो बघ आपला देव' म्हणून लेकरांना उचलून दाखवतात. त्या वेळी लाँच त्या बाजूला कलते. तांडेल लोक त्या बाजूला डावी म्हणतच नाहीत, भैरोबाकडची बाजू म्हणतात. चाळीस माणसांनी ती किती कलते ते मी काठावरून पाहत आलो होतो. पाहत म्हणजे, दर वेळी डोळे मिटून घेत.

"सांगू की लोकांना," चेअरमन म्हणाले. "बसूनच नमस्कार करा म्हणावं."

"देवाला? बसून?"

कोणीतरी हसलं. चेअरमनही हसले, आणि दारात उभ्या असलेल्या इस्माईल तांडेलाकडे वळले. इस्माईल मूळचा खाडीकाठचा, सोसायटीचा पगारी माणूस. त्याला मत नव्हतं. नेशील ना रे सत्तर, असं चेअरमननी विचारलं. तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, "तुम्ही लिहून द्या साहेब, मी नेतो." बाकीच्यांना त्यातलं 'नेतो' ऐकू आलं. मला 'लिहून द्या' ऐकू आलं.

मग हात वर. माणसं हात कसा वर करतात हे बघण्याची मला खोड आहे. ज्ञानू कदमाचा हात चेअरमनांचं वाक्य पुरं व्हायच्या आधी खांद्यापासून ताठ वर जातो. काहींचा हात डोकं खाजवायला निघाल्यासारखा जातो आणि मग तिथेच थांबतो. माझा कोपरापासून वर गेला. सत्तरची मला भीती वाटत नव्हती असं नाही. पण पोस्टाची खोली चेअरमनांची होती. खोली नाही तर शाखा नाही, शाखा नाही तर मास्तर नाही. दोन प्रकारची भीती समोर असली की माणूस जवळची निवडतो. गजराक्का आणि म्हातारे सीताराम पोळ, एवढेच दोन हात खाली राहिले. पाच विरुद्ध दोन, ठराव मंजूर.

इथे आमची एक रीत सांगायला हवी. प्रोसिडिंग बुकात प्रत्येक ठरावाखाली दोन नावं लागतात. ज्याने ठराव मांडला तो सूचक, ज्याने त्याला दुजोरा दिला तो अनुमोदक. आमच्याकडे प्रत्येक ठराव चेअरमनच मांडायचे. पण पानोपानी एकच नाव बरं दिसत नाही म्हणून मी सातही जणांची नावं पाळीने घालायचो, पाणवठ्यावर लावतात तशी. ह्या ठरावाला हा सूचक, पुढच्याला तो. सभेत कोण काय बोललं याच्याशी त्याचा संबंध नसे. बुक कोणी वाचत नसे, सगळे सही करत. त्या संध्याकाळीही मी सवयीने लिहून टाकलं: सूचक, श्रीमती गजराबाई शेलार, अनुमोदक, श्री. ज्ञानू कदम. त्यात माझी काही चलाखी नव्हती. तिची पाळी होती, इतकंच.

मंगळवारी सकाळी गजराक्का पोस्टात आली. आपला विरोध बुकात नोंदवलाय का ते तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. प्रौढांच्या वर्गात शिकलेली बाई, ओळीवर बोट ठेवून वाचायची. बोट सरकत सरकत तिच्या नावावर आलं आणि थांबलं. मी शिव्या खायच्या तयारीने उभा राहिलो.

"मास्तर, ह्ये खोटं कवापास्नं लिवताय?"

"पाच वर्षं."

"माझ्याच नावावर?"

"सगळ्यांच्या. पाळीनं."

तिने पदर तोंडाला लावला. ती चिडली की हसली ते मला कळलं नाही. मग तिने विचारलं की एकदा झालेला ठराव मोडता येतो का. मी उपविधींचं पुस्तक काढलं. नियम अठरावा: मंजूर ठरावावर सहा महिने पुन्हा चर्चा नाही. फेरविचार करायचाच तर ज्याने ठरावाच्या बाजूने मत दिलं असेल त्यानेच तो मागायचा, आणि त्याला त्याच बाजूचा एक अनुमोदक मिळाला पाहिजे. हरलेल्याने दर सभेत तेच उकरून काढू नये म्हणून कोण्या शहाण्याने घातलेला नियम.

"म्हंजी ज्याला पटलं न्हाई त्यानं गप बसायचं," ती म्हणाली, "आन् ज्याला पटलं त्यालाच पस्तावायची मुभा."

"तसंच."

"मग मी तर सूचक हाय की."

तिने तिथेच माझ्याकडून अर्ज लिहून घेतला, खाली सही केली, त्यावर फुंकर घातली. जत्रेच्या तयारीची सभा गुरुवारी ठरलेलीच होती. ती पायरी उतरून गेल्यावर मला आधी बरं वाटलं. जे मला करायचं धाडस झालं नव्हतं ते माझ्याच खोट्याच्या आधाराने दुसरं कोणी परस्पर करणार होतं. इतकी स्वस्तातली सुटका मला आयुष्यात मिळाली नव्हती.

ती दोन दिवसही टिकली नाही. बुधवारी भर दुपारी चेअरमन पोस्टाच्या दारात आले. पलीकडे जायचंय, चला मास्तर सोबतीला, तेवढंच बोलणं होईल, म्हणाले. धक्क्याला त्यांची छोटी होडी बांधलेली होती. मला नाही म्हणता आलं असतं; पोस्ट उघडं होतं, टपालाची वेळ होती. पण त्यांनी दोर सोडला होता आणि एक हात माझ्यासाठी पुढे केला होता.

ते स्वतःच वल्हवत होते. वारा नव्हता. पाणी ताटासारखं पसरलेलं. मी मधल्या फळीवर बसलो, दोन्ही हात फळीखाली घालून. कळसापाशी आल्यावर त्यांनी वल्ही आत ओढून घेतली. वल्ह्यांवरून थेंब पडत होते तेवढाच आवाज.

"हितं खाली आमची हीर हाय," ते म्हणाले. "बारमाही पाणी असायचं. आता काय, पाणीच पाणी."

मी हं म्हटलं.

"गजरा सूचक कशी झाली, मास्तर?"

"पाळी होती."

"पाळी." त्यांनी चंची काढली आणि तंबाखू मळायला म्हणून माझ्या बाजूच्या फळीवर येऊन बसले. होडी कलली. कड पाण्याशी गेली. मी दोन्ही हातांनी पलीकडची कड धरली, आणि त्यांनी ते पाहिलं.

"पवता येत न्हाई?"

"नाही."

"आन् लाँच सोसायटीचे सचिव."

ते हसले. त्यात राग नव्हता, खुनशीपणाही नव्हता. एखाद्या पाहुण्याची गंमत करावी तसं हसले. धमकी दिली असती तर मी कदाचित सावरलो असतो. ते हसले आणि तिथेच बसून राहिले. तंबाखू मळून झाली, तोंडात गेली, तरी ते उठले नाहीत. मी माझ्या बोटांकडे बघत होतो. नखं पांढरी पडली होती. पाण्यात दोन हात खाली शिखराचा दगड हिरवा दिसत होता आणि त्याच्या खाली काहीच दिसत नव्हतं.

"पाच वर्षं खोटं लिवलंत, मी कधी बोललो? आता एक डाव खरं लिवा. बाई विरोधात होती. तिचं नाव खोडा."

"आणि सूचक?"

"तुमचं घाला की. हात तर वर केलाच हुता तुम्ही. त्यात काय खोटं हाय?"

खोटं काहीच नव्हतं. पाच वर्षांत पहिल्यांदा चेअरमन मला खरं लिहायला सांगत होते आणि माझ्या अंगाला दरदरून घाम सुटला होता. ते आणखी म्हणाले की पोरगं दुकान टाकायचं म्हणतंय, जूनला खोली लागेलसं दिसतं, बघू. मग त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं, माझं उत्तर येईपर्यंत. मी हो म्हटलं. तेव्हा ते उठून आपल्या जागी गेले आणि वल्ही पाण्यात पडली. पलीकडे जायचं काम त्यांना आठवलंच नाही. होडी वळवून त्यांनी मला धक्क्याला आणून सोडलं.

मी बुक काढलं. तिचं नाव तांबड्या शाईने खोडलं, वर 'श्री. केशव संकपाळ' लिहिलं, समासात 'दुरुस्ती' म्हणून सही केली. अक्षर नेहमीसारखं चांगलं आलं.

संध्याकाळी घरी आलो तर इंदू, माझी बायको, भैरोबाच्या जोगेश्वरीची ओटी बांधत होती. तिचं माहेर पलीकडचं, जत्रेला पहिल्या खेपेला जायचं हे तिचं दरवर्षीचं. आमची नर्मदा आठ वर्षांची. नवं परकर-पोलकं घालून आरशासमोरून हलत नव्हती. यंदा नका जाऊ, असं मी म्हटलं. इंदूने कारण विचारलं. गर्दी फार असते, मी म्हणालो.

"सत्तर जणांची, व्हय?" गावात काहीच लपत नाही. तिने ओटीची गाठ मारली. "हात तुम्ही वर केलात आन् घरात मी बसू? दुसऱ्यांची बायका-लेकरं गेली तर चालतंय तुम्हाला?"

मी सदरा काढून खुंटीला अडकवला.

"नर्मदेला तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "का जायचं न्हाई ते नीट सांगा. मलाबी कळंल."

मी नर्मदेला काहीच सांगितलं नाही. सांगण्यासारखं कारण एकच होतं, आणि ते आठ वर्षांच्या पोरीला सांगायचं म्हणजे ती विचारणार, मग बाबा, तुम्ही हात का वर केलात.

गुरुवारी सातही जण आले. पहिला विषय ठरलेला असतो: मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. वाचणारा मी. जत्रेचा ठराव वाचला आणि पुढे वाचलं, "सूचक, श्री. केशव संकपाळ." गजराक्काने मान वर केली. तिच्या हातात अर्जाची घडी होती. ती उठून उभी राहिली.

चेअरमन तिच्याशी फार मऊ बोलले. आक्का, बुकात तुमचं नाव नाही. तुम्ही विरोधात होता, आठवतंय ना. आमचा मास्तर घाईत चुकला होता, त्यानेच दुरुस्त केलंय. आता तुम्हीच सांगा सगळ्यांसमोर, सोमवारी तुम्ही कुठल्या बाजूला होता?

तिला 'ठरावाच्या' म्हणता आलं असतं. पोळ म्हाताऱ्यांनी मान डोलावली असती, मला गप्प बसता आलं असतं, आणि आधीची नोंद तांबड्या रेघेखाली अजून वाचता येत होती. तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग असता तर सोसला असता.

"मी विरोधातच हुते," ती म्हणाली. "आजबी हाय." आणि खाली बसली.

"मग हा विषय संपला," चेअरमन म्हणाले. "इतिवृत्त कायम करायचं ना?"

ज्ञानूचा हात निघाला. कानात वल्ह्यांवरून पडणाऱ्या थेंबांचा आवाज येत होता, आणि मी टाक दौतीच्या काठावर आपटत होतो. बाजूला बसलेल्या पोळांनी ती उचलून लांब ठेवली. अजून दोन हात वर गेले. चौथा गेला की संपलं.

"सूचक मी आहे," मी म्हणालो.

चेअरमननी ऐकू न आल्यासारखी मान कलती केली.

"बुकात आहे. साहेबांनीच दुरुस्त करून घेतलंय. मी ठरावाच्या बाजूने मत दिलंय. मला त्याचा फेरविचार हवाय."

"कशापायी?"

रात्रभर मी मनात बरंच काही जुळवलं होतं. लाँचचं वजन, शासनाचा परवाना, तांडेलाने मागितलेलं लेखी, सगळं मुद्देसूद. त्यातलं एकही तोंडात आलं नाही.

"मला भीती वाटते," मी म्हणालो.

हसणार सगळे, असं वाटलं. कोणी हसलं नाही. सोमवारी ज्यांचे हात वर गेले होते ते टेबलाकडे, दाराकडे, भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत होते. माणसं अशी इकडेतिकडे बघू लागली की समजावं, आपण बोललेलं वाक्य त्यांच्याही घरचं आहे.

"ठीक हाय," चेअरमन म्हणाले. "नियमानं अनुमोदक लागतो. बाजूनं मत दिलेल्यांपैकी कोण हाय?"

गजराक्का आणि पोळांचा इथे उपयोग नव्हता. ज्ञानूवर चेअरमनांची भिस्त होती, आणि राहिलेले दोघे चेअरमनांचे भाऊबंद. चेअरमननी घाई केली नाही. त्यांनी सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं, गुडघ्यावरची टोपी उचलली, झटकली.

"मी," ज्ञानू कदम म्हणाला.

तो कोणाकडे बघत नव्हता. "थोरली आलीया जत्रंला," तो फरशीला सांगत होता. "सातवा चालू हाय तिला. नगं म्हटलं तर ऐकत न्हाई. म्हणती, आण्णा, तुमच्याच सोसायटीची लाँच हाय की."

चेअरमननी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू खुर्ची बोलली. मग मतदान झालं. ठराव रद्द करण्याच्या बाजूने गजराक्का, पोळ, ज्ञानू, मी. ह्या खेपेला माझा हात कोपरापासून गेला की खांद्यापासून, ते मला आठवत नाही. चार विरुद्ध तीन. चेअरमन टोपी घालून उठले आणि दाराशी थांबून म्हणाले, "मास्तर, खोली बघून ठेवा." ती धमकी नव्हती, जूनमध्ये खोली खरंच गेली आणि पुढची तीन वर्षं मी शाळेच्या पडवीत, पोरांच्या पाढ्यांच्या गलक्यात तिकिटांवर शिक्के मारले. पण तो जूनचा भाग झाला. मधे शनिवार होता.

शनिवारी सकाळी धक्क्यावर मुंगी शिरायला जागा नव्हती. चढायच्या फळीपाशी दोर धरून मी उभा, माणसं मोजत. चाळीस झाले की दोर आडवा. मागून जे काय ऐकायला मिळालं त्यातलं सगळं लिहिण्यासारखं नाही. पोस्टातली पाकिटं मोजतोय का माणसं, असं एकाने विचारलं. देवाच्या वाटेत आडवा पडलास, तुझं भलं व्हायचं नाही, असं एका म्हातारीने बोटं मोडून सांगितलं. चेअरमन पांढऱ्याशुभ्र कपड्यांत थोडे बाजूला उभे होते. लोक मला शिव्या देत होते आणि ते देऊ देत होते. सत्तर नेणार होतो, ह्यांनी मोडता घातला, एवढं त्यांनी आधीच सगळीकडे पोचवलं होतं.

पहिल्या खेपेला इंदू आणि नर्मदा चढल्या. ज्ञानूची लेक चढली, पोट सांभाळत. गजराक्का सगळ्यांत शेवटी, चाळिसावी. जाताना मला म्हणाली, "आज डोळं मिटू नका." मी डोळे मिटतो हे तिला ठाऊक होतं, हे मला ठाऊक नव्हतं.

लाँच सुटली. तासाभरापूर्वी नव्हता तो वारा आता खिंडीतून येऊ लागला होता. फार नाही, पाण्यावर शहारे येतील एवढा. 'जानाई' कळसाजवळ गेली, आणि इतक्या वर्षांनी उघडी पडलेली देवळीतली मूर्ती लोकांना दिसली. सगळे एकदम उठले. "भैरोबाच्या नावानं चांगभलं" असा आवाज पाण्यावरून आमच्यापर्यंत आला. काठावरच्यांनीही तिथूनच हात जोडले.

लाँच कलली. कलते तितकी कलली, आणि थांबली नाही. आम्हाला तिची पलीकडची बाजू वर येताना दिसली, मग तळाचा लाल रंग दिसला. तो रंग मी सहा वर्षांपूर्वी ती काठावर ओढून रंगवत होते तेव्हा पाहिला होता. पाण्यात असताना तो दिसायचा नसतो. चांगभलं मधेच तुटलं. काठावर कोणी ओरडलंही नाही. माझ्या हातातला दोर ताठ झाला होता, कारण दुसरं टोक गर्दीतल्या सगळ्यांनी धरलं होतं. मी डोळे मिटले नाहीत. नर्मदेचं पोलकं पिवळं होतं आणि मी पिवळं शोधत होतो. गुलालात काही दिसत नव्हतं.

मग इंजिन बंद पडलं. पडलं नाही, इस्माईलने बंद केलं, हे नंतर कळलं. त्या शांततेत एकच आवाज येत होता, गजराक्काचा. शब्द कळत नव्हते, पण ती दिसत होती. हाताला लागेल त्याला, कोणाच्या दंडाला, कोणाच्या पदराला, एकाच्या तर शेंडीला धरून ती उजव्या अंगाला ओढत होती. एक गेला, दुसरा गेला, चार गेले. लाल रंगाचा पट्टा अरुंद झाला. पुन्हा थोडा रुंद झाला. मग दिसेनासा झाला. लाँच सरळ झाली, तिथेच दोन-तीनदा हेलकावली, इंजिन सुरू झालं आणि ती पलीकडे निघून गेली.

रिकामी 'जानाई' परत आली ती गजराक्काला घेऊन. पलीकडे उतरून देवाला न जाता ती माघारी आली होती. उडालेल्या पाण्याने लुगडं कमरेपर्यंत ओलं. इस्माईलने दोर फेकला आणि माझ्याकडे बघून हाताची दोन बोटं जुळवून दाखवली. कड आणि पाणी यांच्यात तेवढं अंतर राहिलं होतं. सगळी उतरली का, मी विचारलं. उतरली, तो म्हणाला. तुमची पोरगी नुसती ओली झालीय.

गजराक्का फळीवर उभी राहिली आणि साऱ्या धक्क्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "हितनं म्होरं तीस. आन् समदी खाली बसून. जो उठंल त्याला मी पाण्यात ढकलीन."

हे कुठल्या ठरावाने, असं कोणी विचारलं नाही. चेअरमन गर्दीतून पुढे आले. त्यांचा चेहरा कपड्यांच्याच रंगाचा झाला होता. त्यांनी माझ्या हातून दोर घेतला.

"मोजा, मास्तर."

मी मोजू लागलो. माणसं एकेक करून फळीवरून जात होती, मुकाट्याने, आणि चढल्याबरोबर खाली बसत होती. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. चेअरमननी दोर आडवा केला. दोरापुढे एकतिसावी त्यांची आई उभी होती. ऐंशीची म्हातारी, हातात नारळ, गेल्या साली पालखी चुकलेल्यांपैकी एक. पलीकडून ढोलाचा आवाज येऊ लागला होता.

"पुढच्या खेपंला, आये," ते म्हणाले.

"पालखी निघंल रं."

"निघू दे," चेअरमन म्हणाले, आणि त्यांनी दोराला मुठीभोवती आणखी एक वेढा घेतला.